बाकीच्यांनी दिसायचं

आमच्या वस्त्यांमध्ये 'दिसायला जाणं' असा एक प्रकार होता. बाहेरच्या कुणाला सांगितलं की त्याला वाटतं, मुलगी दाखवायचा कार्यक्रम असेल. तसं काही नाही. कचेरीत काम निघालं की घरटी एका माणसाने चपला अडकवून बाहेर पडायचं, बबनभाऊंच्या मागे जाऊन उभं राहायचं आणि तोंड मिटून दिसायचं. बोलायचं ते भाऊंनी. "एकानं बोलायचं, बाकीच्यांनी दिसायचं," हा त्यांचा नियम. तो सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की म्हातारी माणसंसुद्धा निघताना विचारायची, "आज नुसतं दिसायचंच हाय ना?" हो म्हटलं की गोळी घेऊन निवांत निघायची.

वस्त्या दोन. खंडाळ्याच्या अंगाला, डोंगराच्या पायाशी. ओढ्याच्या वर ती वरची वाडी. तिथे महादेव कोळ्यांची घरं. पूर्वी त्यांची भाताची खाचरं होती, आता बहुतेकजण हॉटेलात, बंगल्यांवर नाहीतर टॅक्सीवर. ओढ्याच्या खाली आमची वस्ती. माझे आजोबा छप्पन साली बौद्ध झाले, त्यांच्याबरोबरच्या माणसांची ही घरं. पुढे त्यातले बरेच रेल्वेला लागले, काही शाळा-कचेऱ्यांत गेले. मधल्या ओढ्यावर एक साकव, म्हणजे लहानसा पूल, आहे. उन्हाळ्यात ओढ्याच्या कोरड्या पात्रात मुलं क्रिकेट खेळतात आणि षटकार वाडीत गेला की वस्तीत धावा मोजल्या जातात. त्या ओढ्याला आम्ही कधी हद्द म्हटलं नव्हतं.

बबनभाऊ वरच्या वाडीचे. खंडाळ्याच्या स्टँडवर त्यांची टॅक्सी होती, पाहुण्यांना पॉइंट दाखवून आणायचे. बुटके, छाती पुढे काढून चालणारे, आणि मिशी इतकी विंचरलेली की ती रात्री काढून ठेवतात की काय असं वाटावं. पांढरा शर्ट, खाकी पँट. पुढे गुडघे गेले, टॅक्सी विकली, पण खाकी सुटली नाही. बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. हॉटेलांचे पडदे, वेटरचे युनिफॉर्म, बायकांचे ब्लाउज, असं सगळं. भाऊंच्या पँटी माझ्याकडेच. मी टेप काढला की म्हणायचे, "माप कशाला घेतीस शोभे? मी काय वाढलोय व्हय?" पोटाकडे वाढलेले असायचे. मी न सांगता अर्धा इंच सोडायचे, आणि ते आरशात बघून म्हणायचे, "बघ. जसाच्या तसा हाय." चहा मागवला की अर्धाच प्यायचे आणि उरलेला तसाच ठेवून उठायचे. का, ते कधी सांगितलं नाही.

खिशात टॅक्सीची काच पुसायचं पिवळं फडकं असायचं. टॅक्सी गेल्यावरही ते राहिलं. कुठल्याही साहेबासमोर उभे राहिले की आधी ते फडकं काढायचे, चष्मा उतरवायचे, एक काच पुसायचे, मग दुसरी. तोवर साहेब थांबलेला. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सायेब कायम घाईत असतो. आपुन बी घाई केली, तर आपलं काम त्येच्या घाईत वाहून जातं."

धुक्याच्या दिवसांत त्यांचा धंदा बघण्यासारखा असायचा. पाहुणे कठड्याला टेकून समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत कुरकुरायचे, की इथे तर काहीच दिसत नाही. भाऊ शेजारी जाऊन हात लांब करायचे. "ह्यो समोर सुळका. त्येच्या खाली बोगदा. डाव्या अंगाला धबधबा, तीन धारांचा. मागं दरी हाय, माझ्यावर इस्वास ठेवा." पाहुणे माना हलवायचे, धुक्याचे फोटो काढायचे आणि खूश होऊन गाडीत बसायचे. मी म्हणाले, "भाऊ, तिथे तीन धारांचा धबधबा कुठे आहे?" तर म्हणाले, "दोन हायती. पन जे दिसत न्हाई ते जरा वाढवूनच सांगावं लागतं." आम्ही दोघं किती हसलो होतो. त्या हसण्याचा मला आता राग येतो.

नियम कसा आला, तेही सांगायला हवं. मी शाळेत होते तेव्हा दोन्ही वस्त्या पाण्याच्या नळासाठी वेगवेगळ्या जायच्या. वरचे म्हणायचे नळ वर द्या, आमचे म्हणायचे खाली. कचेरीतला माणूस वरच्यांना सांगायचा की खालच्यांची तक्रार आहे, आणि खालच्यांना सांगायचा की वरच्यांची आहे, आधी तुमचं तुम्ही मिटवा. तक्रार कुणाचीच नव्हती. पण हे आम्हाला कळेपर्यंत हंडे वाहून बायकांची कंबर मोडायची वेळ आली. मग एका सकाळी बबनभाऊ साकव ओलांडून आले आणि आमच्या ओट्यावर बसले. आईकडे पाणी मागितलं. त्या काळी वरच्या वाडीची जुनी माणसं आमच्या घरचं पाणी पीत नसत. भाऊंनी तांब्या घेतला, रिकामा केला आणि दुसरा मागितला. मग वडिलांना म्हणाले, "नळ कुटं का बसंना, मागाय संगं जाऊ. बोलंल मातर एकच." वडील म्हणाले, "मग तुम्हीच बोला."

नळ आला. भाऊंनी तो ना वर बसू दिला ना खाली, साकवाच्या तोंडाशी बसवला. त्याभोवती लोकांनी कट्टा बांधला. पुढे जे काय ठरायचं ते त्या कट्ट्यावर. निवडणुकीचंसुद्धा. दोन्ही वस्त्या मिळून आमचा वॉर्ड होता. एकदा वरच्या वाडीचा माणूस उभा करायचा, एकदा खालच्या वस्तीचा, आणि मतं सगळ्यांनी त्यालाच द्यायची. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण एकदाही मोडलं नाही. वेगवेगळे मोजले तर आम्ही कुणाच्या हिशोबात नव्हतो. मिळून होतो, म्हणून पालिकेत आमचा माणूस बसायचा आणि रस्त्यातला दिवा गेला की कुणाचं दार वाजवायचं ते माहीत असायचं.

फाटकाचा किस्सा मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. आमच्या दोन्ही वस्त्यांच्या स्मशानाकडे जाणारी वाट एका बंगल्यांच्या सोसायटीच्या मागून जाते. सोसायटीने त्या वाटेवर लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप घातलं. भाऊ म्हणाले, कुणी जायच्या आत हे मिटलं पाहिजे, माणूस गेल्यावर भांडत बसायला वेळ नसतो. एका रविवारी आम्ही सगळे दिसायला गेलो. फाटकावर वॉचमन कोण, तर आमच्याच वस्तीतला दिलीप. अंगात मी शिवलेला निळा युनिफॉर्म. पहिल्याच रांगेत त्याची आई. बिचाऱ्याने ड्युटी म्हणून तिला विचारलं, "कुणाला भेटायचंय?" आईने तोंड उघडलं नाही. नियम होता. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली आणि तो लाल लाल होत गेला.

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी अर्ध्या चड्डीत आले. गर्दी बघून गडबडले, खुर्च्या मागवायला लागले. भाऊंनी चष्मा पुसला. म्हणाले, "बसाय न्हाई आलो सायेब. आमी दिसायला आलोय. ह्यातलं प्रत्येक माणूस कवातरी आडवं होऊन ह्या वाटंनं जानार हाय. आत्ताच नीट बघून ठेवा, म्हंजी तवा वळख इचारत बसायची पंचाईत न्हाई." सेक्रेटरींनी एकेकाचा चेहरा बघितला. रखमामावशी तर त्यांच्याकडे बघून गोड हसली. ती वरच्या वाडीतली सगळ्यात म्हातारी, तिला वाटलं खरंच ओळखपरेड आहे. कुलूप त्याच दिवशी निघालं, परत लागलं नाही.

माझ्यासाठीही ते एकदा बोलले होते. नवरा गेल्यानंतरची गोष्ट. रस्ता रुंद करायचा म्हणून बाजारातली दुकानं हलवणार होते आणि नव्या यादीत मी नव्हते. मी पदवीधर आहे. काय बोलायचं ते मी रात्रभर घोकलं होतं. पालिकेच्या पायऱ्या चढताना भाऊ म्हणाले, "तू दिस." मला राग आला, पण दाराजवळ गप्प उभी राहिले. आत भाऊ साहेबांना म्हणाले, "ही आमची पोरगी हाय." साहेबांनी कागदावरचं माझं आडनाव वाचलं, मग भाऊंचं. म्हणाले, "तुमची म्हणजे?" भाऊ म्हणाले, "आमची म्हंजी आमची. आजून फोड करून सांगू?" साहेबांनी फोड मागितली नाही. मला गाळा मिळाला. परत येताना माझा राग मावळला होता. जे घोकलं होतं ते मी बोलले असते, पण 'आमची' हा शब्द काही मला स्वतःसाठी वापरता आला नसता.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे जे झालं ते परक्याने केलं असतं तर मी दोन शिव्या हासडून विसरले असते.

गेल्या निवडणुकीआधी वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्या. असा कच्चा नकाशा आधी भिंतीवर लावतात, लोकांकडून हरकती मागवतात, सुनावणी होते आणि मग तो पक्का होतो. मी नकाशा बघायला गेले तर आमच्या ओढ्यावरून जाड लाल रेघ गेलेली. वरची वाडी बाजाराच्या वॉर्डात, खालची वस्ती बंगल्यांच्या वॉर्डात. नळ कुठल्या बाजूला, तेही रेघेच्या जाडीमुळे कळत नव्हतं. बाजाराच्या मतांत वाडीची मतं म्हणजे भातातलं मीठ, आणि बंगल्यांच्या यादीत आमची तशीच. माझ्या मागे उभा असलेला एक माणूस म्हणाला, "ओढा म्हणजे नैसर्गिक हद्द, त्यात काही गैर नाही." त्याचं घर ओढ्याजवळ नसावं.

संध्याकाळी कट्ट्यावर सगळे जमले. नळ चालू होता, बायका हंडे भरता भरता ऐकत होत्या. दिलीप म्हणाला, "एका परीने बरंच आहे. बंगल्यांच्या वॉर्डात गेलो तर रस्ता तरी गुळगुळीत होईल." रखमामावशी म्हणाली, "रस्ता व्हईल बंगल्यापत्तूर. तितून फुडं तू ड्युटीवरनं चालतच येशील." लोक हसले. मग ती म्हणाली, "मी हितं लग्न करून आले तवापासून हिच्या आईसंगं मताला जाती." ती माझ्याकडे बोट दाखवत होती. "आता म्हातारपनी मला बाजारच्या लोकांच्या लायनीत हुबं करनार. तितं मला कोन वळखतंय?" मी म्हणाले, "ओळखीचं राहू दे मावशी. उद्या हा नळ फुटला तर जायचं कुणाकडे, ते सांगा."

आमच्या वस्तीतला सुनील रेल्वेत ट्रॅकमन आहे. तो म्हणाला, "घरटी एक हरकत टाकू. मी चौकशी केलीय. जितक्या जास्त हरकती, तितकं वजन. प्रत्येकाने आपापल्या सहीने द्यायची, आणि सुनावणीला प्रत्येकाने बोलायचं."

भाऊंनी फडकं काढलं. एक काच पुसली, मग दुसरी. म्हणाले, "नळाला अर्ज किती केलते आपन?"

"एक," कुणीतरी म्हणालं.

"फाटकाला?"

"अर्जच न्हवता."

"शोभीच्या गाळ्याला सह्या किती? एक. रिकाम्या हातानं आलो का कदी? सगळी बोलाय लागली की त्येंना फट घावती. नळाच्या वक्ताला काय झालतं, इसरलाव का?"

सुनीलची आई म्हणाली, "भाऊ म्हनत्यात तसंच करा." सुनील काहीतरी बोलणार होता, पण मोठ्या माणसांनी माना हलवल्या होत्या. मीही हलवली. हरकत एकच गेली, बबनभाऊंच्या नावाने, त्यांच्या एकट्याच्या सहीने.

सुनावणी पुण्याला होती. दोन टेम्पो आणि स्टँडवरच्या टॅक्स्या भरून आम्ही गेलो. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. रखमामावशीने तर डोक्याला तेल लावून, गजरा माळून, लग्नाला निघाल्यासारखी तयारी केली होती. दिसायचं म्हणजे नीट दिसायला हवं, असं तिचं म्हणणं. हॉलमध्ये इतर गावांचेही लोक होते. कुणी मोठमोठ्याने वाचून दाखवत होतं, कुणी वकील आणला होता. आम्ही मागच्या रांगांत गप्प बसलो. आमच्या शिस्तीचा मला अभिमान वाटत होता.

भाऊंचं नाव पुकारलं. ते पुढे गेले. आम्ही सगळे ठरल्याप्रमाणे उठून उभे राहिलो. भाऊंनी चष्मा पुसला. म्हणाले, "सायेब, आयका. आमची हरकत व्हती. ती मी मागं घेतो."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "मागे घेता? या सगळ्यांच्या वतीने?"

भाऊंनी वळून आमच्याकडे बघितलं. त्यांची नजर एकेकावरून फिरली, माझ्यावरूनही. आम्ही उभे होतो. ठेवणीतल्या साड्यांत, धुतलेल्या शर्टांत, आणि तोंडं मिटलेली. मला शब्द आठवत होते. 'साहेब, थांबा,' एवढंच म्हणायचं होतं. पण बबनभाऊ बोलत असताना आपण बोलायचं असतं, हे आमच्या अंगातच नव्हतं. सुनीलने पाऊल पुढे टाकलं तर त्याच्या आईने त्याचा शर्ट मागून धरला. मला तर क्षणभर वाटलं, यातही भाऊंचा काही डाव असेल, आता चष्मा परत पुसतील आणि पुढचं वाक्य टाकतील, की साहेबांची बोलती बंद.

"व्हय सायेब," भाऊ म्हणाले. "सगळ्यांच्या वतीनं."

"लिहून द्या," अधिकारी म्हणाले. भाऊंनी लिहून दिलं. पुढचं नाव पुकारलं गेलं. अधिकाऱ्यांचा त्यात काही दोष नव्हता. त्यांच्यासमोर एवढी माणसं उभी होती आणि एकाचीही ना नव्हती.

आम्ही परत निघालो. कामशेतला चहासाठी थांबलो तेव्हा रखमामावशी भाऊंसमोर जाऊन उभी राहिली. "बबन, काय केलंस रं?"

मग भाऊंनी सांगितलं. आमच्या भागात एक पुढारी आहेत. नाव घेत नाही, घेऊन काही उपयोगही नाही. ते भाऊंच्या नातवाच्या बारशाला आले होते, पाटावर बसून जेवले होते. त्यांनी भाऊंना समजावलं, की एका वॉर्डात तुमचा एकच माणूस बसतो, तोही आळीपाळीने. दोन वॉर्ड झाले तर दोन बसतील. वरून भाऊंची सून, आणि खालून मी. दोन्हीकडची तिकिटं नक्की. फक्त हरकतीची कटकट नको. "त्येंनी शब्द दिलाय," भाऊ म्हणाले. "दोन खुर्च्या, रखमाआक्का. एक न्हाई, दोन."

"आणि आम्हाला का नाही सांगितलं?" सुनीलने विचारलं.

"सांगितलं असतं तर तोंडं किती झाली असती?"

हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. खरंच नव्हता. धुक्यात हात लांब करून धबधबा दाखवायचे तेव्हा जो चेहरा असायचा, तो होता. फक्त या वेळी दाखवणारा दुसराच होता, आणि कठड्याला टेकून मान हलवणारे भाऊ.

सगळे माझ्याकडे बघत होते. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. ज्या बायका सकाळी माझ्या शेजारी बसून आल्या होत्या, त्या मनात हिशोब करत होत्या, की हिला माहीत होतं का. मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं." काही गोष्टी सांगितल्या की जास्तच खोट्या वाटतात. रखमामावशीने केसातला गजरा काढला आणि टपरीच्या बाकावर ठेवून दिला.

नकाशा पक्का झाला. तिकिटं जाहीर झाली. आमच्या बाजूचं तिकीट बंगल्यांकडच्या एका बाईंना, वाडीच्या बाजूचं बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या सुनेला. भाऊंची सून मंदा मला पुढे सांगत होती, की भाऊ सकाळपासून पुढाऱ्यांच्या दारात बसले होते. दुपारी गाडी बाहेर निघाली तेव्हा काच अर्धी खाली झाली आणि आतून आवाज आला, "बबनभाऊ, पुढच्या वेळी नक्की." भाऊ तिथेच उभे राहिले. त्यांच्यामागे दिसायला कुणी नव्हतं.

त्यानंतर ते एकदाच माझ्या दुकानात आले. खाकी कापड आणलं होतं. मी टेप काढला नाही, त्यांनीही मापाचा विषय काढला नाही. बाकावर बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, तुजं भलं व्हईल."

"मला विचारलं का तुम्ही?" मी म्हणाले.

"इचारायचं काय त्यात? तू आमचीच."

मी मशीन थांबवलं. ज्या शब्दाने त्यांनी मला गाळा मिळवून दिला होता, त्याच शब्दाने ते मला न विचारता देऊन मोकळे झाले होते. माझी वस्ती, माझं नाव, माझ्या शेजारणींचा माझ्यावरचा भरवसा, सगळं. मी कापड घडी घालून परत त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "दुसरीकडे शिवा भाऊ. माझ्याकडे काम फार आहे." काम नव्हतं, ते त्यांना दिसत होतं. ते उठले. त्या दिवशी चहा मागवला नव्हता, त्यामुळे मागे काही राहिलं नाही.

या उन्हाळ्यात साकवाखालचा पाइप फुटला आणि नळ आटला. वाडीचे लोक आपल्या नव्या नगरसेविकेकडे गेले तर त्या म्हणाल्या, पाइप खालच्या वॉर्डातून येतो. आम्ही आमच्या बाईंकडे गेलो तर त्या म्हणाल्या, नळ वरच्या वॉर्डात आहे, आधी तुमचं तुम्ही मिटवा. हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकलं होतं. बायकांनी माळ्यावरचे हंडे काढले.

शेवटी सुनीलने दोन्ही वस्त्या फिरून घरटी अर्ज लिहून घेतले आणि आम्ही पालिकेत गेलो. या वेळी प्रत्येकाने बोलायचं ठरलं होतं. बोलणं कसलं, गलकाच होता. दिलीप एक सांगत होता, त्याची आई दुसरंच. रखमामावशी टेबलावर हात आपटून पाइपचा सोडून रेशनचा विषय काढत होती. आम्हाला सवय नव्हती. टेबलामागचे अधिकारी जुने, माझ्या गाळ्याच्या काळापासून सगळ्यांना ओळखणारे. ते कानावर हात ठेवून हसत होते. मग त्यांची नजर आमच्या मागे गेली.

"अरे, बबनभाऊ? तुम्ही मागे कसे काय? या, पुढे या. बोला."

गलका एकदम थांबला. आम्ही वळून पाहिलं. भाऊंना कुणी बोलावलं नव्हतं. कधी येऊन उभे राहिले कुणास ठाऊक. अंगातली खाकी जुनीच होती, कमरेला सैल झालेली. त्यांनी खिशातून पिवळं फडकं काढलं, चष्मा उतरवला. एक काच पुसली, मग दुसरी. आणि आम्ही सगळे, ज्यांचा विश्वास त्यांनी मातीत मिळवला ते आम्ही, सवयीने थांबलो.

"न्हाई सायेब," ते म्हणाले. "मी नुसता दिसाय आलोय."

मला दया यायला हवी होती. रखमामावशीला आली, तिने पदर डोळ्याला लावला. मला नाही आली. अजून येत नाही. मी पुढे झाले आणि बोलायला लागले, पाइप कुठे फुटलाय, पाणी कुठून येतं, ओढा कुणाच्या बाजूचा नाही, तो मधला आहे, असं सगळं. बोलता बोलता मधेच मागे वळून पाहिलं, आपली माणसं आहेत ना म्हणून. हे त्यांच्याकडूनच लागलेलं वळण. सगळी होती. आणि सगळ्यांच्या मागे, दाराजवळ, गाळ्याच्या वेळी मी जिथे उभी होते तिथे, ते उभे होते. फडकं हातात, तोंड मिटलेलं.